भाग चौथा

अख्खी रात्र लागली उतरायला.
एकशे दहा जीबी, वर चार हजार नऊशे नव्व्याण्णव.
बायको म्हणाली, एवढ्यात कूलरचा पंप आला असता.
मी म्हटलं, अ‍ॅशलाइनचा चौथा भाग आहे,
बारा वर्षांनी आलाय.
ती म्हणाली, पंपही बारा वर्षांचाच आहे.

दुसरा भाग मी गोळीबार चौकात खेळलो.
हसू नका, चौकाचं नावच ते.
परात्यांच्या घरात, जिथे आधी माग होता
तिथे आठ कॉम्प्युटर.
मागाचा खड्डा फळ्या टाकून झाकलेला,
पाच नंबरवर बसलं की खुर्चीखाली जमीन पोकळ वाजायची.
तासाला पंधरा रुपये.
हुजैफा इतवारीतून सायकलने यायचा,
हाताला दुकानातल्या नटबोल्टांचा वास.
निकेश वासनिककडे पैसे नसायचे,
तो मागे उभा राहून आमच्या गोळ्या मोजायचा.
सहा. त्या भागात नुसत्या सहा मिळायच्या.
"चार झाल्या बे. दोन रायल्या. काहून उडवून रायला?"

पुलाच्या अलीकडे एक पहारेकरी होता.
चाळीस पावलं जायचा, चाळीस यायचा,
मधेच थांबून बूट झटकायचा.
तेवढ्यात पळायचं.
आम्ही तिघं श्वास धरून त्या बुटाकडे पाहत असू.
एकदा निकेश म्हणाला, खडा असन त्याच्या बुटात,
राहू दे बे, नको मारू.
आणि मी खरंच नाही मारला.
पूल ओलांडून मागे पाहिलं, तर तो तसाच,
एका पायावर, झटकत.

तिसरा भाग बरा होता.
तिसऱ्याला मी तेव्हा नावं ठेवली होती,
आता माफी मागतो.

चौथ्यात गोळ्या संपतच नाहीत.
वाट चुकू नये म्हणून जमिनीवर पिवळा बाण.
जखम झाली तर भिंतीआड सात सेकंद बसा, भरून येते.
कॅप्टन, जो आधीच्या तिन्ही भागांत मिळून
अकरा वाक्यं बोलला असेल,
तो आता प्रत्येक मुडद्यावर विनोद करतो.
बंदुकीला मोरपंखी रंग हवा तर दोनशे एकोणपन्नास वेगळे.
पाऊस इतका खरा की बाहीवरचे थेंब मोजता येतात.
मोजले.
मग काय करायचं त्या थेंबांचं?

पूल आहे. तोच, पण दगडन्‌दगड नवा.
पहारेकरी आठ. कोणाच्याच बुटात काही नाही.
धावत येतात, मरतात,
आणि जेवणावळीत दुसरी पंगत बसावी
तसे त्याच दारातून पुन्हा येतात.

हुजैफाला शारजाला फोन लावला. तिकडे साडेबारा.
म्हणाला, मी पण घेतला. घंटाभर खेळलो.
मग?
मग काय यार, एक्सेल उघडलं.

निकेशला नाही लावला.
तो गडचिरोलीला आहे, राखीव पोलिसात.
त्याला खऱ्या मोजून देतात, रजिस्टरवर सही घेऊन.
दिवाळीत आला होता, मी हातात कंट्रोलर दिला
तर नको बे म्हणाला,
आणि तर्री-पोह्याची प्लेट मांडीवर घेऊन
माझ्या मागेच बसला. काही मोजलं नाही.

अडीचला कूलर कोरडा खडखडायला लागला.
मोरीतून बादली आणली, टाकीत ओतली.
स्क्रीनवर कॅप्टन उभा, श्वास घेत, माझी वाट पाहत.
बुटांवरचा चिखल अगदी ओला.

परातेकाका पडदा सारून म्हणायचे,
पाच नंबर, टाइम झाला.
आणि आम्ही, काका पाच मिनटं, फक्त पूल,
काका तुमच्या पाया पडतो.
आता पडदा नाही. सकाळपर्यंत
कोणी काही म्हणणार नाही.

झटक ना बे एकदा, मी हळूच म्हटलं.

बायको झोपेतून म्हणाली, काय?
काही नाही. पाणी भरून रायलो.